तक्रारीतलं दुसरं वाक्य

नाना गेल्याचं मला कॉलेजच्या ग्रुपवर कळलं. दुपारची वेळ होती. आमच्या टीममधले आम्ही चौघे कॉलेजच्या गच्चीवर, स्पर्धेसाठी बांधत असलेल्या नव्या सौर गाडीच्या पॅनेलची मापं घेत होतो आणि सगळ्यांचे फोन एकदमच वाजले. कुणीतरी लिहिलं होतं, ‘आपले लाडके नाना आज सकाळी धुळ्याला हार्ट अटॅकने गेले.’ त्याखाली जोडलेल्या हातांची चित्रं येऊ लागली. दहा झाली, वीस झाली. मी मोजपट्टी तशीच हातात धरून ती चित्रं टाकणाऱ्यांची नावं वाचत राहिलो. ‘लाडके’ या शब्दाचा मला राग आला. आमच्या टीममध्ये नानांना लाडकं कुणीच म्हटलेलं नव्हतं. त्यांच्या पाठीमागे आम्ही त्यांना जे म्हणायचो ते इथे छापता येणार नाही. मी हात जोडले नाहीत. फोन खिशात ठेवला आणि पुढचं माप सांगितलं. शेजारचा मित्र म्हणाला, “चेतन, तू तरी लिही काहीतरी. लोक बघतात.” लोक बघतात म्हणून लिहायचं असेल तर नकोच, असं मी त्याला म्हणालो. पण ते पूर्ण खरं नव्हतं. मला लिहिता येत नव्हतं, आणि त्याचं कारण फक्त मला ठाऊक होतं.

लिहायची सवय मला नाही, हे आधीच सांगतो. माझे वडील रावेरला केळीच्या कटाईवर आणि ट्रक भरायला जातात. घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. मृत माणसाबद्दल चांगलंच लिहावं असं म्हणतात, तेही मला माहीत आहे. पण नाना मला आवडत नव्हते आणि आजही आवडत नाहीत. वाचणाऱ्याने हे धरूनच पुढे वाचावं.

नाना आमच्या जळगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजात वर्कशॉपचे प्रमुख होते. गाव धुळे तालुक्यात, इथे पिंप्राळ्यात एक खोली भाड्याने घेऊन राहायचे आणि दर शनिवारी गावी जायचे. पहिल्या वर्षी वेल्डिंगच्या तासाला मी दोन पाइप जोडून त्यांच्यापुढे ठेवले. आयुष्यातलं पहिलं वेल्डिंग, वरून मला तरी छान दिसत होतं. त्यांनी ते उचललं, कानाजवळ धरून हातोडीने हलकेच ठोकलं आणि सगळ्या वर्गासमोर त्यांच्या अहिराणीत म्हणाले, “हाऊ जोड शे का केळीना घड बांधेल शे?” वर्ग हसला. मग त्यांनी तो जोड व्हाइसच्या लोखंडी जबड्यात आवळला आणि माझ्या हातात घण दिला. “तोड.” मी म्हणालो, सर, आत्ताच तर केला. “तुना जोड तूच तोड. दुसराना हातमा तुटना तं मंग रडशी.” तिसऱ्या घावात तो तुटला. आत हरभऱ्याएवढं भोक होतं. नानांनी तो तुकडा सगळ्या बाकांवरून फिरवून आणला. त्या दिवसापासून माझं नाव केळीवाला पडलं. आमच्याकडे रावेरच्या बाजूला बोलताना ‘ळ’चा ‘य’ होतो, तेही त्यांच्या लक्षात आलं होतं. मी वर्कशॉपात शिरलो की “या, केयीवाले या” असं ते मोठ्याने म्हणायचे. त्यांची अहिराणी चालायची, माझी बोली मात्र विनोद होती. मी घरी फोनवर बोलायलासुद्धा बाहेर जाऊ लागलो.

त्यांची पद्धत अशी होती. गाडीला लागणारा जोड करायचा असेल तर त्याच दिवशी, त्याच पाइपचे, त्याच हाताने आणखी तीन जोड करायचे आणि ते तिन्ही त्यांच्यासमोर घणाने तोडायचे. जोड तुटला तर आत काय आहे ते बघायचं. जोड न तुटता बाजूचा पाइप फाटला तर जोड चांगला. तिन्ही तुकडे टेबलावर मांडल्याशिवाय चौथा गाडीला लावायचा नाही. दुसऱ्या कॉलेजांच्या टीम एका आठवड्यात सांगाडा उभा करायच्या, आम्हाला दीड महिना लागला. दीड महिना आम्ही स्वतःचंच काम फोडत होतो. टीममधली दोन मुलं याला कंटाळून निघून गेली. त्यांना नाना म्हणाले, “बरं व्हयनं.”

त्यांना सगळं कळत होतं असंही नाही. मे महिन्यात गाडी पहिल्यांदा मैदानात फिरवली तेव्हा दुपारी वीज कमी मिळू लागली. पॅनेल तापलं की वीज कमी देतं, हे आम्ही पुस्तकात वाचलं होतं. आमच्या टीमची ड्रायव्हर निलोफर हिने ओलं गोणपाट फिरवून पॅनेल गार केलं, तसा मीटरचा आकडा चढला. नाना छत्री घेऊन उभे होते. ते म्हणाले, “जळगावनं ऊन शे हाई. ऊन जास्त तं वीज जास्त. मीटर बिघडेल शे.” आम्ही दुसरा मीटर लावला. “हाऊ बी बिघडेल शे.” निलोफर हसू दाबत म्हणाली, “नाना, तिसरा आणू?” ते तिच्यावर ओरडले नाहीत. तिच्यावर ते कधीच ओरडायचे नाहीत. ती नशिराबादची, वडील दर्जी, वजन पंचेचाळीस किलो. वजन कमी म्हणूनच आम्ही तिला ड्रायव्हर केलं होतं. ती गाडीत बसायची तेव्हा चारी बाजूंनी पाइप आणि वर पॅनेल, मधे तिचं हेल्मेट तेवढं दिसायचं. नाना प्रत्येक वेळी वाकून तिचा पट्टा स्वतः ओढून बघायचे. आम्ही म्हणायचो, म्हाताऱ्याला दुसरा उद्योग नाही.

स्पर्धा परराज्यात होती, दिवाळीनंतर. निघायच्या तीन दिवस आधी गाडी चाचणीत दगडी कठड्यावर आदळली आणि पुढच्या चाकाचा आर्म वाकला. आर्म म्हणजे चाक आणि सांगाडा यांना धरून ठेवणारा पाइपचा त्रिकोण. तो सुटला तर चाक सुटतं. नवा आर्म मी करणार होतो, कारण तोवर टीममध्ये सर्वांत बरं वेल्डिंग माझं होतं. नानांनीच मला तिथवर आणलं होतं, हे लिहायला जड जातं, पण लिहितो. त्या जातीचा पाइप मात्र एका आर्मपुरताच उरला होता. चाचणीच्या तीन तुकड्यांसाठी पाइप बाहेरून मागवायचा तर दोन दिवस जाणार होते. आणि गाडी आमच्या आधी, दुसऱ्याच दिवशी सकाळी ट्रकवर चढणार होती.

मी आर्म केला. जोड सुंदर झाला होता. आणि मग मी जे केलं ते टीममधल्या कुणालाही सांगितलं नाही. कोपऱ्यातल्या डब्यात पावसाळ्याआधी तोडलेले आमचे जुने तुकडे पडून होते. त्यांतले तीन मी निवडले. त्यांच्या तुटलेल्या तोंडावर गंज चढला होता. मी तो पॉलिश पेपरने घासून काढला, चकचकीत केला, आणि नाना जेवायला गेले असताना त्यांच्या टेबलावर मांडून ठेवले. ते आल्यावर सांगितलं, तुम्ही नव्हतात म्हणून आम्हीच तोडले, ट्रकची घाई आहे, फॉर्मवर सही करा. वर्कशॉप प्रमुखाच्या सहीशिवाय गाडीला स्पर्धेत प्रवेश नव्हता.

त्यांनी एक तुकडा उचलला. अंगठा फिरवला. “हाऊ आजना शे का?” मी हो म्हणालो. त्यांनी तुकडा उजेडात धरला. मग हळू आवाजात म्हणाले, “तुटेल लोखंडले दाना ऱ्हास. हाऊ घसेल शे.” ताजं तुटलेलं पोलाद खडीसाखरेसारखं दाणेदार दिसतं. दीड महिना शेकडो तुकडे पाहूनही मी ते विसरलो होतो, चमक असली की पुरे असं मला वाटलं होतं. बाकीची मुलं लांब गाडी बांधत होती, कुणी हे ऐकलं नाही. नानांनी तुकडा खाली ठेवला, फॉर्म माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, “सही व्हनार नही. जाय.”

मी बाहेर येऊन टीमला सांगितलं की म्हातारा मुद्दाम अडवतोय. सगळे भडकले होतेच, त्यांना फक्त कारण हवं होतं. वर्षभराचा राग होता. अर्ज मीच लिहिला, कारण माझं अक्षर चांगलं. त्यात दोनच वाक्यं होती. पहिलं असं की वर्कशॉप प्रमुख विद्यार्थ्यांशी अपमानास्पद भाषेत बोलतात. दुसरं असं की चाचणीचे तुकडे तोडून दाखवलेले असतानाही ते केवळ आकसापोटी सही नाकारून विद्यार्थ्यांचं काम अडवत आहेत. अकरा सह्या झाल्या. निलोफरने सही करताना विचारलं, “तुकडे तोडले होते ना पण?” मी म्हणालो, “मग काय खोटं लिहिलंय का?” तिने सही केली.

प्राचार्यांनी आम्हा दोघांना समोरासमोर उभं केलं. नाना हाताला काळं तेल लागलेलं तसेच आले होते. प्राचार्यांनी अर्ज वाचून दाखवला आणि विचारलं, “सही का नाही केली?” मला वाटलं, आता ते सांगतील, मी टीममधून जाईन, कदाचित कॉलेजातूनही जाईन, आणि रावेरला वडिलांना काय सांगू... नानांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. म्हणाले, “जोड मला पटला नाही.” प्राचार्य म्हणाले, काही कारण, काही लेखी? “नाही. पटला नाही.” बस. प्राचार्यांच्या सांगण्यावरून दुसऱ्या एका सरांनी प्रमुखाच्या जागी तासाभरात सही दिली. आठवड्याने नानांना वर्कशॉपातून काढून स्टोअरला बसवलं. निवृत्तीला वर्ष राहिलं होतं.

लोक म्हणतील की त्यांनी मला वाचवलं. मला तसं त्या वेळी वाटलं नाही. मला वाटलं की हा माणूस माझ्यावर उपकार लादतोय आणि मला तो नको आहे. ज्याने मला तीन वर्षं केळीवाला म्हणून हिणवलं त्याच्या गप्प बसण्यावर माझं कॉलेज उभं आहे, हे मला सहन होत नव्हतं. मी त्यांचा आधीपेक्षा जास्त द्वेष करू लागलो.

आणि तो आर्म तुटला नाही. हे मला नीट लिहायचं आहे. अशा गोष्टींत शेवटी म्हाताराच खरा ठरतो, पण इथे तसं झालं नाही. तीन दिवस निलोफरने गाडी पळवली. दुसऱ्या दिवशी एका वळणावर गाडी घसरून कडेच्या मातीत गेली, चाक खड्ड्यात आपटलं, मी कुंपणाबाहेर दोन्ही हातांनी तार धरून उभा होतो. गाडी बाहेर आली. चाक जागेवर होतं. आमचा नंबर मधलाच आला, पण आम्ही पूर्ण अंतर कापलं. निलोफर उतरून नाचली. “चेत्या, तुझा जोड एक नंबर!” असं ती सगळ्यांसमोर ओरडली. मी हसलो. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

परत आल्यावर मी तो आर्म सोडवला आणि स्टोअरमध्ये नेऊन नानांच्या समोर टाकला. तिथे पाइपांच्या रॅकमधे एक लोखंडी खुर्ची आणि एक पंखा, एवढंच होतं. मी म्हणालो, “तोडून बघायचं होतं ना? चला.” आम्ही दोघं वर्कशॉपात गेलो. मीच घण मारला. सात-आठ घाव घातले. पाइप वाकला, मग जोडाच्या शेजारी फाटला. जोड तसाच राहिला. मी घाम पुसत म्हणालो, “बघा.” त्यांनी चष्मा लावून बघितलं.

“चांगला शे.”

“मग? माझ्यावर अविश्वास दाखवला त्याचं काय?”

“त्या दिनले तुले माहीत व्हतं का?”

मी म्हणालो, मला खात्री होती.

“खात्री नही विचारी ऱ्हायनू. माहीत व्हतं का? नही ना? मंग कोना भरोसावर तू त्या पोरले बसाडं?”

 ते म्हणाले, “तिले सांग.” मी म्हणालो, आधी तुम्ही माझी माफी मागा, जोड चांगला निघाला म्हणून, मग मी अर्जही मागे घेतो. ते हसले. चांगलं हसू नव्हतं ते. “अर्ज ऱ्हाऊ दे. केळीवाल्या, तिले सांग.” आणि स्टोअरमध्ये निघून गेले. त्यानंतर आठ-नऊ महिने मी पाइप आणायला स्टोअरला जायचो, ते पाइप द्यायचे, आणि देताना दर वेळी एकच विचारायचे, “तिले सांगं का?” मी नाही म्हणायचो. पुढे पुढे मी दुसऱ्याला पाठवू लागलो. निवृत्तीला दोन महिने उरले असताना ते गेले. तक्रारीचा कागद त्यांच्या फाईलमध्ये तसाच राहिला.

शोकसभेला मोठा बॅनर लावला होता. एका बाजूला नानांचा ओळखपत्रावरचा फोटो, दुसऱ्या बाजूला आमच्या गाडीचा. ज्या गाडीवर त्यांनी सही नाकारली तिच्या शेजारी त्यांना छापलं होतं आणि खाली लिहिलं होतं ‘विद्यार्थ्यांचे मार्गदर्शक’. सही देणारे सर बोलले, त्यांना दीपस्तंभ म्हणाले. प्राचार्य बोलले. अकरा सह्यांपैकी दोघे बोलले, एकाने त्यांना वडिलांसारखे म्हटलं. मला उठून माईक खेचावासा वाटला. पण त्यांच्यावर रागावण्याचा अधिकार मला कितपत होता? खोटं तर त्यांना मीच सांगितलं होतं.

पंधरा दिवसांनी मी एकटाच त्यांच्या गावी दारावर गेलो. आमच्याकडे माणूस गेल्यावर भेटायला जाण्याला दारावर जाणं म्हणतात. पारोळ्यावरून जाणारी एसटी, मग फाट्यावरून चालत. ओट्यावर नानांची पत्नी बसली होती. गावात त्यांना सगळे अक्का म्हणतात. मी नाव सांगितलं, कॉलेजचं नाव सांगितलं. त्यांनी मला खालून वर पाहिलं. “रावेरना का? तूच तो खोटं लिखनारा?” मी हो म्हणालो. त्यांनी आत बोलावलं नाही, पण पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. “घर यी सन सांगेत, एक पोऱ्यानी मना विरुद्ध खोटं लिखं. जेवता जेवता सांगेत. मी म्हनू, मंग सायेबले सांगा ना. तं म्हनेत, त्यानं त्यानी सांगानं.”  मग अक्कांनी विचारलं, “त्यास्नी काय खोटं करेल व्हतं?” मी म्हणालो, काही नाही. “मंग लिखी दे.” मी म्हणालो, उद्याच प्राचार्यांना लेखी देतो, अर्ज मागे घेतो. त्या एकदम चिडल्या. “हाफिसमा नको दिऊ. तठे कोन वाचस? पेपरमा दे. बठ्ठा वाचतीन.” सगळ्यांनी वाचावं, असं त्यांचं म्हणणं होतं.

येताना एसटीत मी ठरवलं की छापायच्या आधी निलोफरला सांगायचं. दुसऱ्या दिवशी वर्कशॉपात सांगितलं. ती नव्या गाडीच्या सीटचा पट्टा शिवत होती. मी सगळं सांगितलं, डबा, पॉलिश पेपर, स्टोअर, सगळं. तिने सुई थांबवली नाही. मी संपवल्यावर म्हणाली, “मातीत गाडी गेली तेव्हा तुला माहीत होतं?” हो म्हणालो. “आणि मी तुझ्या नावाने नाचले.” हो. “एक वर्ष तू माझ्याबरोबर रोज चहा पितोस.” मी म्हणालो, पण जोड चांगला निघाला होता, आम्ही नंतर तोडून बघितला... ती उठून उभी राहिली. “माझ्या नंतर तोडला ना? आधी मी, मग घण?” तिचा आवाज चढला, सगळे बघू लागले. “नाना होते तेव्हा सांगितलं असतंस तर मी स्वतः जाऊन माझी सही फाडली असती. माझीही सही आहे रे त्या कागदावर. मला खोटी ठरवलंस तू, आणि तेही मेलेल्या माणसापुढे.” तिने पट्टा तसाच टाकला आणि निघून गेली. त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. या वर्षीही तीच ड्रायव्हर आहे. माझा जोड असलेल्या गाडीत बसणार नाही, असं तिने टीमला सांगितलं. टीमने विचारलं का, तर म्हणाली, त्यालाच विचारा. मी सांगितलं. वेल्डिंग आता दुसरे दोघे करतात. ते तीन तीन तुकडे तोडतात, कुणी न सांगता, आणि तुकडे निलोफरच्या हातात नेऊन देतात. ती उन्हात धरून आतला दाणा बघते. नानांचं मागे राहिलेलं असं काही दाखवायचं झालं तर मी तेवढंच दाखवू शकतो. मला वेल्डिंगच्या टेबलाजवळ जायची परवानगी नाही आणि ते बरोबर आहे.

प्राचार्यांना मी तरीही पत्र दिलं. ते म्हणाले, “आता कशाला? माणूस गेला. तुझंही शेवटचं वर्ष आहे, विचार कर.” पत्र त्यांनी घेतलं नाही. म्हणून हे इथे.

तक्रारीतलं पहिलं वाक्य खरं होतं. नाना अपमानास्पद बोलायचे, मला बोलले, इतरांनाही बोलले, आणि ते वाक्य मी मागे घेत नाही. दुसरं वाक्य खोटं होतं. तुकडे त्या दिवशी तोडलेले नव्हते, ते जुने होते, ते मी घासून ठेवले होते आणि हे नानांना माहीत होतं. त्यांनी आकसापोटी सही नाकारली नाही. गाडीत एक मुलगी बसणार होती आणि जोडाच्या आत काय आहे ते कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून नाकारली. बाकीच्या दहा जणांनी माझ्यावर विश्वास ठेवून सही केली, त्यांचा यात दोष नाही.

अक्का, छापून आलं की अंक घेऊन मी स्वतः येईन. तुम्ही कुणाकडून तरी वाचून घ्या. वाचून होईपर्यंत मी ओट्याखाली उभा राहीन.